बारावी सायन्स (स्टेट बोर्ड, पीसीएम) : जूनपासून अभ्यास कसा लावावा? बोर्ड आणि सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत

चंद्रकोर_पुणेरी

नमस्कार. अकरावीची परीक्षा झाली, जूनपासून बारावी सुरू. विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, जिओग्राफी, इंग्रजी, मराठी. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. क्लास लावलेला नाही आणि लावणारही नाही. कॉलेज सकाळी साडेसात ते साडेबारा. इंजिनीअरिंगला जायचंय, म्हणून एमएचटी-सीईटी नक्की देणार. जेईईचा विचार नाही.

अडचणी अशा :
१) बोर्डाचा आणि सीईटीचा अभ्यास वेगवेगळा करायचा की एकत्र?
२) फिजिक्सचे कोणते धडे ऑप्शनला टाकले तर चालतील?
३) केमिस्ट्रीतली गणितं. सूत्र बरोबर, किंमती बरोबर, तरी लॉग टेबलने उत्तर चुकतं.
४) इंग्रजीतल्या व्याख्या पाठ होत नाहीत. आज पाठ केल्या की चार दिवसांत जातात.

"रोज सहा तास अभ्यास कर" असं सगळेच सांगतात. त्या सहा तासांत नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

---

खडूफळा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पेपर कसा असतो हे नीट समजलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा. विभाग अ मध्ये १० बहुपर्यायी आणि ८ एका वाक्याचे प्रश्न, प्रत्येकी एक गुण, एकूण १८. इथे ऑप्शन अजिबात नाही. विभाग ब मध्ये १२ पैकी ८, प्रत्येकी २ गुण. विभाग क मध्ये १२ पैकी ८, प्रत्येकी ३. विभाग ड मध्ये ५ पैकी ३, प्रत्येकी ४. म्हणजे छापलेला पेपर ९८ गुणांचा आणि सोडवायचे ७०. २८ गुणांची सूट ब, क आणि ड मध्येच मिळते.

पुस्तकात १६ धडे. प्रत्येक धड्याला ४ किंवा ५ गुण, ऑप्शन धरून ५ ते ७. एकच धडा २० गुण देऊन जाईल असं काही नाही. समज तू दोन मोठे धडे टाकलेस. ९८ मधले साधारण १४ गुण तिथेच गेले. उरले ८४, आणि त्यातले तुला ७० सोडवायचे आहेत. येणाऱ्या धड्यांतलाही एखादा प्रश्न अडला की संपलं. शिवाय विभाग अ मधले प्रश्न टाकलेल्या धड्यांतूनही येणारच. आणि सीईटीला तर ऑप्शन हा प्रकारच नाही.

म्हणून धडा टाकू नकोस. वाटलं तर धड्यातलं एखादं लांबलचक डेरिव्हेशन टाक. व्याख्या, सूत्र, एकक, त्या सूत्रावरची गणितं मात्र सोळाही धड्यांची हवीत.

अजून एक. मुलं मॅग्नेटिक मटेरिअल्स आणि सेमीकंडक्टर डिव्हायसेस हमखास ऑप्शनला टाकतात, कारण हे धडे कॉलेजात शेवटी घाईघाईत होतात. दोन्हींना प्रत्येकी ४ गुण आहेत, रोटेशनल डायनॅमिक्सला ५. पण रोटेशनल तयार करायला जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्यात मॅग्नेटिक मटेरिअल्स होतो. टाकायचाच झाला तर हा धडा सगळ्यात शेवटी टाकावा असा आहे.

बहुपर्यायी प्रश्नांची सूचना आत्ताच डोक्यात बसव. उत्तरपत्रिकेत पर्यायाचं अक्षरही लिहायचं आणि त्यापुढे पूर्ण उत्तरही. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही. आणि एकच प्रश्न दोनदा लिहिला तर पहिला प्रयत्न तपासतात. खाडाखोड करून खाली पुन्हा लिहिलेलं धरत नाहीत. तेव्हा खात्री झाल्याशिवाय विभाग अ पेनाने लिहू नकोस, आधी मागच्या पानावर कच्चं काम कर.

केमिस्ट्रीचा आराखडा हाच. मॅथ्सचा वेगळा आहे, त्यावर संकलक लिहितीलच.

---

रेणूसूत्र

लॉग टेबलबद्दल मी लिहिते. बोर्डात फिजिक्स-केमिस्ट्रीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. सूत्र आणि किंमती बरोबर असूनही उत्तर चुकतंय म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा घोळ 'बार'चा, म्हणजे लॉगमधल्या दशांशचिन्हाच्या डावीकडच्या उणे आकड्याचा असतो. एक गणित पूर्ण करून दाखवते, वही घेऊन सोबत सोडव.

पहिल्या ऑर्डरची अभिक्रिया ४० मिनिटांत ४० टक्के पूर्ण होते. रेट कॉन्स्टंट काढा.

सूत्र : के = (२.३०३ ÷ वेळ) × लॉग (सुरुवातीची संहती ÷ उरलेली संहती).

पहिला खड्डा इथेच आहे. ४० टक्के संपलं, म्हणून उरलं ६०. छेदात ६० येतात, ४० नाहीत.

लॉग १०० वजा लॉग ६० = २ − १.७७८२ = ०.२२१८. म्हणजे के = २.३०३ × ०.२२१८ ÷ ४०.

आता टेबल :
लॉग २.३०३ = ०.३६२३
लॉग ०.२२१८ = बार १.३४६०
बेरीज = बार १.७०८३
लॉग ४० = १.६०२१

वजाबाकी करताना दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग वेगळा आणि डावीकडचा वेगळा कर. उजवीकडे ०.७०८३ − ०.६०२१ = ०.१०६२. डावीकडे उणे १ वजा १ = उणे २. उत्तर बार २.१०६२. अँटिलॉगमध्ये .१०६२ बघितलं की १.२७७ मिळतं, आणि बार २ म्हणून ०.०१२७७ प्रति मिनिट.

चूक कशी होते बघ. मुलं सगळी संख्या एकदम वजा करतात आणि −१.८९३८ लिहितात. संख्या म्हणून ते बरोबरच आहे. पण मग टेबलमध्ये .८९३८ शोधतात आणि ०.७८३१ असं उत्तर काढतात. अँटिलॉगच्या टेबलला उणे अपूर्णांक कळत नाही. दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग कायम धन राहिला पाहिजे. उणेपण फक्त डावीकडे, आणि त्यालाच आपण बार म्हणतो.

उत्तर आलं की दहा सेकंदांत पडताळा घे. ४० मिनिटांत ४० टक्केच संपलं, म्हणजे निम्मं संपायला ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार. हा निम्मं संपायचा वेळ म्हणजे अर्धायुष्य, आणि ते ०.६९३ ÷ के : ०.६९३ ÷ ०.०१२७७ = साधारण ५४ मिनिटं. पटतंय. छेदात चुकून ४० घातले असते तर के ०.०२२९ आला असता आणि अर्धायुष्य ३० मिनिटं. ३० मिनिटांत निम्मं संपतंय आणि ४० मिनिटांत ४० टक्केच? शक्यच नाही, चूक लगेच उघडी पडते. आणि ०.७८३१ घेतला तर अर्धायुष्य एका मिनिटाच्याही आत!

पहिले तीन आठवडे रोज फक्त दोन गणितं टेबलने सोडव. सोल्युशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स, सगळीकडे हीच सवय उपयोगी पडते. घरी कॅल्क्युलेटरने सोडवून परीक्षेत टेबल उघडणारी मुलं तिथेच वेळ घालवतात.

सरावाला एक देते, करून इथे टाक : पहिल्या ऑर्डरची अभिक्रिया ३० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, के किती?

ऑरगॅनिकसाठी एकच सांगते. अभिक्रिया वाचून लक्षात राहत नाहीत. एका पानावर तीन रकाने कर : मूळ पदार्थ, बाणावरचे रीएजंट आणि परिस्थिती, उत्पादन. रोज एक रकाना झाकून दुसऱ्या कागदावर लिही. सोमवारी उत्पादन झाक, मंगळवारी रीएजंट. रोझेनमुंड, स्टीफन, इटार्ड या तिन्ही अभिक्रियांत शेवटी अल्डिहाइडच मिळतं, पण सुरुवात वेगळी : अ‍ॅसिड क्लोराइड, नायट्राइल आणि टोल्युइन. मुलांचा गोंधळ उत्पादनात नसतो, सुरुवातीच्या पदार्थात असतो. म्हणून डावा रकाना झाकायला विसरू नकोस.

---

संकलक

मॅथ्स : लेखी ८०. आठ बहुपर्यायी प्रत्येकी २ गुण, चार प्रश्न प्रत्येकी १ गुण, मग १२ पैकी ८ (२ गुण), १२ पैकी ८ (३ गुण), ८ पैकी ५ (४ गुण). छापलेले ११२, सोडवायचे ८०. बहुपर्यायींनाच १६ गुण आहेत, त्यामुळे त्यांना "शेवटी बघू" म्हणून मागे ठेवू नकोस.

आता पहिला प्रश्न, बोर्ड आणि सीईटी. अभ्यास एकच, फक्त उत्तर द्यायची रीत दोन. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी एक गुण. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे एकाला १०८ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिली ९० मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्री बंद होतं, तिथला उरलेला वेळ मॅथ्सला वापरता येत नाही.

एक उदाहरण घे. डेफिनिट इंटिग्रल, मर्यादा २ ते ५, अंशात वर्गमूळ एक्स, छेदात वर्गमूळ एक्स अधिक वर्गमूळ (७ − एक्स). बोर्डात हे लिहायचं असं : इंटिग्रलला आय म्हण. गुणधर्म शब्दांत किंवा सूत्रात लिही, की एक्सच्या जागी (२ + ५ − एक्स) टाकलं तरी किंमत बदलत नाही. दुसरं समीकरण मांड. दोन्हींची बेरीज कर, आत फक्त १ उरतो, दोन आय = ३, आय = दीड. गुणधर्म न लिहिता थेट उत्तराकडे उडी मारली तर त्या पायरीचा गुण जातो. सीईटीत मात्र हा आकार ओळखायचा आणि मर्यादांमधल्या अंतराचं निम्मं करायचं. ५ − २ = ३, उत्तर दीड, दहा सेकंद. पण आधी मर्यादांची बेरीज ७ येते का ते बघच. छेदात ७ ऐवजी ८ असेल तर ही युक्ती लागू होत नाही.

हे दोन्ही एकाच दिवशी शिकायचं. धडा संपला की त्या रात्री पुस्तकातली उदाहरणं पूर्ण पायऱ्यांनी, आणि तीन-चार दिवसांनी त्याच धड्याचे ३० बहुपर्यायी घड्याळ लावून. धडा डोक्यात ताजा असताना बहुपर्यायी निम्म्या वेळात होतात. बोर्डानंतर सीईटी बघू म्हणणाऱ्यांना रोटेशनल पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.

सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे, म्हणजे ५० पैकी १० च्या आसपास. अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीक असतात, यादी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत बघ. ते धडे आत्ता मेमध्येच उरक. ट्रिगोनोमेट्री, लिमिट्स, कंटिन्युइटी कच्चं असेल तर बारावीचं डिफरन्सिएशन जुलैत अडणार, तेव्हा हे काम सीईटीपुरतं नाहीच.

कॉलेजची मुलं म्हणतात, इंजिनीअरिंगला प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर, बोर्डात पीसीएमला ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) पडले की झालं. नियम बरोबर आहे. पण त्या भरवशावर लेखी सराव सोडणं मला पटत नाही. हाताने पूर्ण सोडवलेलं गणितच ५४ सेकंदांत आठवतं.

---

चंद्रकोर_पुणेरी

खडूफळा सर, रेणूसूत्र ताई, संकलक सर, मनापासून आभार. ९८ पैकी ७० हा हिशेब कॉलेजात कुणीच सांगितला नव्हता. ताई, गणित करून टाकते. व्याख्यांचं कुणी सांगेल का? आणि जुने पेपर कोणत्या वर्षापासूनचे घ्यायचे?

---

कोराकागद

पेपरांचं आधी. सध्याचा अभ्यासक्रम २०२०-२१ पासूनचा. २०२१ ची मुख्य लेखी परीक्षाच झाली नाही, २०२२ ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. पूर्ण अभ्यासक्रमावरचे पेपर २०२३ पासून मिळतात. फेब्रुवारी-मार्चचेही घे आणि पुरवणी परीक्षेचेही. पुरवणीचे पेपर बहुतेक मुलं बघतच नाहीत, म्हणून ते डिसेंबरसाठी अनोळखी ठेव. २०२० च्या आधीचे गाइडमधले पेपर घेऊ नकोस, आराखडा वेगळा आहे. पुस्तकं नसतील तर ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत आहेत.

आता व्याख्या. तू इंग्रजी वाक्य पाठ करतेस, म्हणून ते जातं. सूत्रातून वाक्य तयार करायला शीक. सरफेस टेन्शन म्हणजे आपला पृष्ठताण. सूत्र : बल भागिले लांबी. भागाकार आला की इंग्रजीत 'पर युनिट' येणार, म्हणून 'फोर्स पर युनिट लेंग्थ'. एवढं तर सूत्रानेच दिलं. आता प्रश्न विचार : कोणतं बल? पृष्ठभागाला स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे 'टँजेन्शिअल'. कोणती लांबी? द्रवाच्या मुक्त पृष्ठभागावर कल्पिलेल्या रेषेची, म्हणजे 'इमॅजिनरी लाइन'. हे तीन शब्दगट आले की व्याख्या झाली, मधली क्रियापदं तुझी चालतील. तपासणारा हेच शब्द शोधत असतो. 'टँजेन्शिअल' राहिला तर बाकी वाक्य कितीही सुंदर असो, व्याख्या अपुरी.

वहीत दोन रकाने कर. डावीकडे दहावीत शिकलेला मराठी शब्द, उजवीकडे बारावीचा : विभवांतर – पोटेन्शिअल डिफरन्स, अपवर्तनांक – रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, संवेग – मोमेंटम, मुक्तिवेग – एस्केप व्हेलॉसिटी. मराठी माध्यमाच्या मुलांना संकल्पना बऱ्याचदा आधीच कळलेली असते, फक्त नाव बदललेलं असतं. धड्याला पंधरा-वीस शब्द निघतात, त्याहून जास्त नाही.

प्रॅक्टिकल आणि अंतर्गत गुणांकडे कुणाचंच लक्ष नसतं. तुझ्या विषयांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ३०-३०, बाकी चारांचे २०-२०, मिळून ६०० पैकी १४०. जर्नल आठवड्याच्या आठवड्याला सही करून घे. जानेवारीत एकदम लिहायला बसलीस तर पूर्वपरीक्षेनंतरचे सगळ्यात मोलाचे दहा दिवस त्यात जातात. प्रयोगात रीडिंग लिहिताना लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप बघ : व्हर्नियरचा ०.०१ सेंमी, स्क्रू गेजचा ०.००१ सेंमी. व्हर्नियरचं रीडिंग २.३ असं लिहिलं तर परीक्षकाला पहिल्याच ओळीत कळतं. ते २.३० हवं.

---

खडूफळा

वेळेचं राहिलं होतं. कॉलेज साडेबाराला सुटतं, जेवण आणि झोप धरून तीन ते पाच, मग साडेसहा ते नऊ, एवढं पुरतं. दुपारी लिहिण्याचं काम, म्हणजे गणितं आणि डेरिव्हेशन, कारण त्या वेळी नुसतं वाचायला बसलं की झोप येते. संध्याकाळी त्याच दिवशी कॉलेजात झालेला भाग. रविवारी सकाळी नवीन काही नको, आठवड्यातल्या चुकांची वही आणि एक ७० गुणांचा नाहीतर ३५ गुणांचा पेपर. दिवाळीपर्यंत फिजिक्स-केमिस्ट्रीचे बारा-बारा धडे व्हावेत. उरलेले चार नोव्हेंबरअखेर, कॉलेज मागे असलं तरी.

पेपरात फिजिक्सला विभाग अ २५ मिनिटं, ब मधले आठ प्रश्न प्रत्येकी ५ म्हणजे ४०, क मधले आठ प्रत्येकी ७ म्हणजे ५६, ड मधले तीन प्रत्येकी १२ म्हणजे ३६. बेरीज १५७. तीन तासांतली २३ मिनिटं उरतात, शिवाय बोर्ड शेवटी १० मिनिटं वाढवून देतं. घरच्या सरावात ती १० मिनिटं धरू नकोस.

---

चंद्रकोर_पुणेरी

ताई, केलं. पहिल्यांदा ०.२१६३ आलं. अर्धायुष्य काढलं तर ३.२ मिनिटं, म्हणजे नक्की चूक. परत केलं तेव्हा ०.०४६२३ प्रति मिनिट. बरोबर आहे का? सहा मिनिटं लागली.

---

रेणूसूत्र

बरोबर! आणि पडताळ्याने चूक तुझी तूच पकडलीस हे जास्त महत्त्वाचं. पहिल्यांदा कुठे घसरलीस तेही सांगते. अंशाचा लॉग ०.१४२० आला, त्यातून लॉग ३०, म्हणजे १.४७७१, वजा करायचे. उजवीकडे .१४२० मधून .४७७१ जात नाहीत, म्हणून डावीकडून एक उसना घ्यायचा : १.१४२० − ०.४७७१ = ०.६६४९. डावीकडे शून्यातून उसना एक गेला, वर वजा करायचा एक, म्हणून बार २. तू उसना न घेता −१.३३५१ काढलंस आणि .३३५१ चा अँटिलॉग बघितलास. पहिल्या गणितात उसना घ्यावाच लागला नव्हता, म्हणून हे गणित दिलं होतं.

बोर्डात असंच लिही : सूत्र, किंमती, लॉगच्या चार ओळी, उत्तर आणि 'प्रति मिनिट'. आता हेच सीईटीत. ७५ टक्के संपलं, एक चतुर्थांश उरलं. निम्म्याचं निम्मं, म्हणजे ३० मिनिटांत दोन अर्धायुष्यं झाली. एक १५ मिनिटांचं. ०.६९३ ÷ १५ = ०.०४६२. टेबल उघडायचंच नाही.

पुढचं : ९९.९ टक्के पूर्ण व्हायला अर्धायुष्याच्या किती पट वेळ लागेल? हजारात एक उरतो, आणि २ चा दहावा घात १०२४ असतो एवढंच सांगते. आधी तोंडी सांग, मग लॉगने करून दोन्ही उत्तरं इथे टाक.